पदवीची ओळख कोणी पटवून द्यावी?

खकनारहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले आहे. त्यांची धाकटी कन्या मध्यप्रदेशातील महाविद्यालयातून विज्ञानशाखेची पदवी घेऊन बाहेर पडली आणि पुढील शिक्षणासाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले. एक महाराष्ट्रातील एका विद्यापीठाकडे, दुसरा जर्मनीतील एका विद्यापीठाकडे. जर्मनीच्या कामी पैसा बराच गेला, दिल्लीच्या कार्यालयाकडून सर्व कागदांची छाननी करवून घ्यावी लागली, आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यात गेले. परंतु काय काय लागेल हे पहिल्याच दिवशी एका पानावर लिहून मिळाले, आणि त्यात पुढे एका ओळीचीही भर पडली नाही. महाराष्ट्रातील अर्जाचे तसे झाले नाही. प्रथम स्थलांतराचे प्रमाणपत्र मागितले, ते नेले तेव्हा पात्रतेचे, ते मिळविले तेव्हा तिन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमाची शिक्क्यासह प्रत. आणि प्रत्येक मागणी मागची पुरी झाल्यावरच कळविण्यात आली. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "सातासमुद्रापलीकडच्यांना आमच्या पोरीची पदवी कळते, आणि ज्यांच्याशी आमचा पिढ्यान्‌पिढ्या रोटीबेटीचा व्यवहार, त्यांना ती कळू नये, हे कसे?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. खकनार तहसिलीला लागून पलीकडे बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे आहेत. देडतलाईवरून धारणीला जाणारा मनुष्य राज्य कोठे बदलले हे पाटी वाचूनच ओळखतो. बऱ्हाणपूरची केळी आणि रावेरची केळी एकाच बाजारभावाकडे डोळे लावून असतात. घडाला कोणी समकक्षतेचा दाखला मागत नाही. मागतात तो माणसाला.

आता जर्मनांना ही पदवी "कळते" म्हणजे काय होते, ते आधी पाहू. जर्मनीतही शिक्षण हा घटक राज्यांचा विषय आहे आणि तेथे अशी सोळा राज्ये आहेत. सोळा जागी सोळा निर्णय होऊ नयेत म्हणून त्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने परदेशी पदव्यांसाठी एक मध्यवर्ती कार्यालय ठेवले आहे. ‘अनाबिन’ या नावाने ओळखली जाणारी त्याची सूची कोणालाही पाहता येते. जगातील कोणत्या विद्यापीठाला मान्यता आहे, कोणाला नाही आणि कोणाविषयी प्रकरणागणिक विचार करावा, याच्या खुणा तीत केलेल्या असतात. कारकुनाला आपल्या मताची भर घालण्यास त्यात फारसा वाव उरत नाही. याचा अर्थ जर्मन लोक भोळे आहेत असा मात्र कोणी घेऊ नये. भारतातून आलेल्या कागदांत बनावटीचे प्रमाण वाढल्याची त्यांची तक्रार होती आणि म्हणून नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीतील छाननी सक्तीची झाली. कागद खरा आहे की नाही याची कसून तपासणी करावयाची; पण तो खरा ठरला की त्याची किंमत काय, हे मात्र आधीच ठरलेले असावयाचे. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो नेमका या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे.

निमाडातल्या लोकांना पदवीचे कुलशील बदलत असते हे नव्याने सांगावयास नको. मध्यप्रांतातील महाविद्यालये एके काळी अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले, १९४६ साली सागरचे. पुढे इंदूरचे आले, ज्याला आता देवी अहिल्येचे नाव आहे. आणि २०२४ साली खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले. नागपूर ही ज्या मध्यप्रदेशाची १९५६ पर्यंत राजधानी होती, त्यातच आमचे बऱ्हाणपूर होते. एखाद्या घराच्या ओसरीवर आजोबांची, वडिलांची आणि नातवाची अशी तीन पदवीपत्रे शेजारी शेजारी टांगलेली असतील, तर तिन्हींवर तीन गावांची नावे निघतील. आणि घर मात्र जागचे हललेले नसेल! अशा स्थितीत एका विद्यापीठाची पदवी दुसऱ्याने ओळखावी यासाठी १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. तेच पुढे भारतीय विद्यापीठ संघ या नावाने चालू राहिले. म्हणजे या कामाला शंभर वर्षे होऊन गेली.

तथापि पदवी ओळखली न गेल्याने काय होते, याचे धडे आपल्या समाजाने त्याहून कडू चवीने घेतले आहेत. त्यांतील दोन येथे विस्ताराने सांगण्यासारखे आहेत.

पहिला वैद्यकाचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या डॉक्टराला इंग्लंडमधील जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव घालता येई, आणि ते नाव असले की विलायतेत उच्च शिक्षणाची व व्यवसायाची वाट मोकळी होई. परंतु हिंदुस्थानातील महाविद्यालयांत प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण अपुरे मिळते, असा त्या कौन्सिलचा आक्षेप होता आणि त्यासाठी तिचे तपासनीस येथे येऊन जात. येथील लोकप्रतिनिधींना ही परक्यांची देखरेख रुचेना. तपासणीच्या खर्चाचा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळापुढे अडला. आणि १९३० साली कौन्सिलने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता सरसकट काढून घेतली. एका विषयातील उणिवेसाठी सर्व विषयांत निपुण असलेल्या मनुष्याचीही पदवी बोटीवर चढताच निकामी झाली. कोणा एकाची परीक्षा घेऊन तो कमी पडला असे ठरले नव्हते. त्याच्यासाठी हमी देणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा दोष. त्यातून निघालेला मार्ग शहाणपणाचा होता. १९३३ साली भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा झाला, येथल्या शिक्षणाचा दर्जा येथेच ठरविणारी आणि त्याची ग्वाही देणारी संस्था उभी राहिली, आणि १९३६ साली मान्यता परत मिळाली. पुढे १९७५ साली इंग्लंडने ती पुन्हा काढली व प्रत्येक डॉक्टराला व्यक्तिशः परीक्षेस बसविण्याची रीत सुरू केली. त्या परीक्षेला बसून गेलेली मंडळी आमच्या वाचकांच्या नात्यागोत्यात निश्चित निघतील.

दुसरा धडा घरचाच, आणि आम्हाला तो अधिक बोचतो. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली पुण्यास महिलांचे विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी आवश्यक विषय म्हणून. पदव्यांना नावेही आपलीच दिली: गृहीतागमा आणि प्रदेयागमा, आद्याक्षरांनी जी.ए. आणि पी.ए. या स्त्रिया शिकल्या, शिक्षिका झाल्या, त्यांनी शाळा चालविल्या. परंतु सनद नाही म्हणून सरकारदरबारी त्या पदवीला किंमत नव्हती. अभ्यासात कोणते न्यून आहे हे त्यांना सांगून नाकारले असते तर वाईट वाटले नसते. न्यून दाखविण्याची गरजच कोणास भासली नाही. मुंबई विधिमंडळाने कायदा केला तो १९४९ साली, आणि पूर्ण वैधानिक दर्जा मिळाला १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे. मौज अशी की इरावती कर्वे १९३० साली बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि त्यांनी काही वर्षे याच विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळले. बर्लिनची पदवी आपल्याकडे बिनबोभाट चालत होती. ज्या विद्यापीठाच्या पदवीपत्रांची व्यवस्था त्या पाहत होत्या, त्याची मात्र चालत नव्हती. आमच्या खकनारच्या पत्रलेखकांचा प्रश्न नवा नाही तो असा.

आता सगळे जगच या प्रश्नाकडे वळले आहे. कारण विद्यार्थी पूर्वी शेकड्यांनी जात, ते आता लाखांनी जातात. त्यासाठी देशोदेशी ‘अर्हता आराखडे’ तयार झाले. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे: पदवीचे नाव न पाहता ती शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे, तेथवर येण्यास किती अभ्यास लागला आणि तो करून मनुष्याला काय येते, हे पाहावयाचे. ज्यांना मण आणि शेर आठवतात त्यांना हे लगेच समजेल. पूर्वी दर प्रांताचा शेर निराळा असे आणि बैलगाडी हद्द ओलांडून गेली की धान्य तेवढेच राहून माप बदले. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून दशमान मापे आली, आणि ती कटकट मिटली. विद्येचे माप मात्र अजून तसेच आहे. त्याला आता श्रेयांक म्हणतात. आपल्याकडे एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासाला ४० श्रेयांक, युरोपात ६०, इंग्लंडात १२०, आणि अमेरिकेत साधारण ३०. अंक पाहून कोणी म्हणेल, इंग्रज विद्यार्थी आमच्या तिप्पट शिकतो. परंतु आपला एक श्रेयांक ३० तासांचा व त्यांचा १० तासांचा. दोन्हीकडे वर्षाचे १२०० तासच भरतात. युरोपचा श्रेयांक २५ ते ३० तासांचा धरतात, तेव्हा तेथे वर्षाला १५०० ते १८०० तास होतात. तेथे मात्र फरक खरा आहे.

पायऱ्यांचेही असेच. युरोपची शिडी २००८ सालची, आठ पायऱ्यांची. तीत पदवी सहावीवर, पदव्युत्तर सातवीवर, डॉक्टरेट आठवीवर. आपला राष्ट्रीय आराखडा २०२३ चा, त्याचीही शेवटची पायरी आठवी आणि तेथेही डॉक्टरेटच. परंतु आपली तीन वर्षांची पदवी साडेपाचवर बसविली आहे, चार वर्षांची सहावर. युरोपातील बहुतेक देशांत पदवी तीन वर्षांची असूनही ती सहावीवरच. आकडे पाठ करणाऱ्या एखाद्या घाईच्या कारकुनाने साडेपाच हे सहापेक्षा कमी असे ठरविले, तर आपणच आपल्या मुलांच्या पदवीला अर्धी पायरी खाली उतरविल्यासारखे होईल. दोन शिड्यांच्या पायऱ्या सारख्या असल्या म्हणजे उंचीही सारखी असते असे नव्हे. हे कोष्टक आखणाऱ्यांनी दुसऱ्या देशांबरोबर बसून पायरीशी पायरी पडताळून पाहण्याचे काम आता नेटाने केले पाहिजे, असे आम्हाला वाटते. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात आणि आपले पंधराच भरते, ही जुनी अडचण चार वर्षांच्या पदवीने सुटेल. परंतु ज्यांची तीन वर्षांची झालेली आहे ती लाखो मुले काही पुन्हा महाविद्यालयात जाऊन बसणार नाहीत.

परंतु शिड्या कितीही जुळविल्या तरी मुख्य प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते सगळ्याचे मर्म त्यातच आहे. दोन पदव्यांत फरक आहे की नाही, हे सिद्ध कोणी करावयाचे? विद्यार्थ्याने, की नाकारणाऱ्याने?

युरोपातील देशांनी युनेस्कोच्या सहकार्याने १९९७ साली लिस्बन येथे एक करार केला. (एकोणतीस देशांचा बोलोन्याचा जाहीरनामा १९९९ चा, म्हणजे त्यानंतरचा, तो अधिक गाजला, परंतु हा अधिक कामाचा.) त्यातले तत्त्व असे की, दुसऱ्या देशाची पदवी मान्य करावयाची हा नियम, महत्त्वाचा फरक असेल तरच नाकारावयाची, आणि तो फरक दाखविण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची. विद्यार्थ्याने आपले कागद प्रामाणिकपणे द्यावेत, एवढे त्याचे काम. नकार देणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे आणि त्यावर दाद मागता आली पाहिजे. आशिया व पॅसिफिकमधील देशांसाठी २०११ साली टोकियो येथे याच धर्तीचा करार झाला आणि २०१९ साली युनेस्कोने सर्व जगासाठी एक केला. तो ५ मार्च २०२३ पासून अमलात आला. ज्यांची घरे जळाली आणि ज्यांच्याजवळ कागदाचा कपटाही उरला नाही, अशा निर्वासितांच्या विद्येचीही ओळख कशी पटवून घ्यावी, याचा विचार या करारांत आहे. १९३० साली हे तत्त्व असते तर मुंबईच्या डॉक्टराला कौन्सिलने सांगावे लागले असते की बाबा रे, तुझ्यात अमुक उणे आहे. कर्व्यांच्या विद्यार्थिनींना सरकारला विचारता आले असते की, आमचे काय कमी आहे ते दाखवा.

करारांनी काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. नाही तर घरोघरी गैरसमज व्हावयाचे. पदवी ओळखली गेली म्हणजे पुढील वर्गाचे दार उघडले. नोकरीचे उघडलेच असे नाही, आणि व्यवसायाचे तर मुळीच नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये परस्पर पदव्या मानण्याचा समझोता झाला, तेव्हा पुष्कळांनी पेढे वाटले. परंतु वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, कायदा, वास्तुशास्त्र हे सर्व त्यातून वगळलेले आहे. ऑस्ट्रेलियाशी मार्च २०२३ मध्ये झालेल्या व्यवस्थेनेही व्यवसायाचा परवाना हाती येत नाही. आणि यात रुसण्यासारखे काही नाही, कारण आपणही तसेच करतो. रशिया, चीन किंवा अन्य देशांतून वैद्यक शिकून आलेल्या आपल्याच मुलांना २००२ पासून आपण चाळणी परीक्षेस बसवीत आलो आहोत. रोग्याच्या जिवाशी गाठ असते तेथे ते योग्यही आहे. परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम केले. समकक्षतेचा दाखला आता आयोगाकडूनच मिळतो आणि त्यातही व्यावसायिक परिषदांच्या अखत्यारीतील अभ्यासक्रम वगळले आहेत. ज्यांची मुले बाहेर जाणार आहेत त्यांनी हे जाण्यापूर्वी वाचावे. विशेषतः एका देशातील विद्यापीठाचे नाव लावून दुसऱ्याच देशात भाड्याने वर्ग चालविणाऱ्या संस्थांची पदवी या विनियमांत मान्य होत नाही, हे लक्षात ठेवावे.

तर आता आमच्या सीमेवर. परदेशाच्या बाबतीत जे तत्त्व मोठमोठ्या सभागृहांत मान्य होत आहे, ते खकनार आणि धारणी यांच्यामध्ये का लागू नसावे? शिक्षण हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, आणि उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम तर घटनेने प्रथमपासून केंद्राकडेच दिलेले आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी देशभर पदवी असावी, हे कायद्यात आहेच. व्यवहारात ती दर खिडकीवर नव्याने सिद्ध करावी लागते. त्यातच दोन्ही राज्यांचे घड्याळ निराळे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मध्यप्रदेशाने २०२१ साली सर्व महाविद्यालयांत बदल केला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत तो २०२४ साली आला. मधल्या तीन वर्षांत इकडून तिकडे गेलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवरील मुख्य, गौण, वैकल्पिक या विषयांच्या रांगा पाहून पलीकडचा कारकून गोंधळला, तर त्याच्याकडेही फारसा दोष जात नाही. श्रेयांकांची पेढी २०२१ पासून आहे, गुणपत्रिका संगणकावर मिळतात; कागद खरा की खोटा हे आता क्षणात कळू शकते. मग अभ्यासक्रमाच्या शिक्क्याच्या प्रती कशासाठी? विद्यापीठाने अट एकदाच, एका पानावर, आधी लिहून द्यावी; प्रवेश नाकारावयाचा तर कोणत्या फरकासाठी हे लेखी कळवावे. आमचे मागणे एवढेच आहे, आणि त्यासाठी नवा पैसा लागत नाही. दोन्ही राज्यांच्या सीमाभागातील लोकप्रतिनिधींकडे आमच्या वाचकांनी हेच आणि एवढेच मागावे. अधिक मागितले म्हणजे काहीच मिळत नाही, हा अनुभव आहे.

खकनारच्या पत्रलेखकांना आम्ही स्वतंत्र उत्तर धाडले आहे. त्यातील एक भाग मात्र सर्वांच्या उपयोगाचा म्हणून येथे देतो. महाराष्ट्रातील गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. मध्यप्रदेशात स्वतःचे नाव व आडनाव, आणि वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. बऱ्हाणपूर भागातील आपल्या कित्येक मुलांचे अर्धे शिक्षण इकडे व अर्धे तिकडे होते, आणि परदेशातील कार्यालयाला ही दोन निरनिराळी माणसे वाटतात. त्यातून इंग्रजी अक्षरांत एकदा ‘खकनार’ आणि एकदा ‘खकनेर’ असे लिहिले गेले की गावेही दोन होतात. मुलगी दहावीचा अर्ज भरते त्या दिवशी तिच्याजवळ बसून नाव, आडनाव, आईवडिलांची नावे आणि गाव यांची अक्षरे एकदा ठरवावीत आणि पारपत्रापर्यंत तीच चालवावीत. आधीच फरक पडला असेल तर दुरुस्तीचा अर्ज मंडळाकडे, म्हणजे ज्यांनी पहिली गुणपत्रिका दिली त्यांच्याकडे, करावयाचा असतो, महाविद्यालयाकडे नव्हे. या कामाला वेळ लागतो, म्हणून तो बारावीच्या सुटीत करणे बरे.